कॉम्प्युटर सुरू होत नाही: आधी फाइली बाहेर काढा, मग दुरुस्तीला हात घाला

कॉम्प्युटर सुरू झाला नाही की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. पुन्हा पुन्हा पॉवर बटण दाबून पाहतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोज नव्याने टाकायला घेतात. डिस्क आधीच खराब होत असेल तर पहिल्या प्रकाराने ती आणखी लवकर जाते. दुसऱ्या प्रकारात तोवर शाबूत असलेल्या फाइलींवर नवीन माहिती लिहिली जाते आणि त्या कायमच्या जातात.

मशीन बंद पडणं वेगळं आणि फाइली जाणं वेगळं. पॉवर सप्लाय, रॅम, स्क्रीन, मदरबोर्ड किंवा विंडोज, यांतलं काहीही बिघडलं तरी डिस्कवरच्या फाइली सहसा जागच्या जागी असतात. त्यामुळे क्रम असा ठेवा: बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा, डिस्कची तब्येत पाहा, फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यानंतरच दुरुस्तीकडे वळा. ज्यांच्याकडे ताजा बॅकअप आहे त्यांनी मधले टप्पे खुशाल वगळावेत.

आधी कान देऊन ऐका

मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर बटण दाबल्यावर कान जवळ नेऊन ऐका. ठरावीक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज येऊन डिस्क फिरायची थांबत असेल, तर लगेच वीज बंद करा. वाचणाऱ्या हेडला तबकडीवरची जागा सापडत नाही, म्हणून ते परत परत मूळ जागी जातं, त्याचा हा आवाज. अशा डिस्कला दर वेळी वीज दिली की हेड तबकडीवर घासण्याचा धोका वाढतो, आणि घासलेल्या जागेवरची माहिती कुणालाच परत आणता येत नाही. इथे घरगुती उपाय नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवल्याने आत दव धरतं, आणि झाकण उघडलं की धूळ तबकडीवर बसते. फाइली मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्या, आणि देताना त्या डिस्कवर काय काय करून झालंय ते खरं सांगा.

घरघर सलग येत असेल आणि पंख्याच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर तो बहुधा पंख्याचाच आवाज. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी, न फिरणारी डिस्क) मात्र आवाज न करताच जाते, तेव्हा शांतता म्हणजे सगळं ठीक असं समजू नका.

लॅपटॉपवर पाणी किंवा चहा सांडला असेल तर बटणाला हातच लावू नका. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आणि थेट पुढे येणाऱ्या ‘डिस्क बाहेर काढून’ या भागाकडे वळा.

कुठल्या टप्प्यावर अडतंय?

दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही: बिघाड विजेच्या वाटेवर आहे. दुसरं सॉकेट, दुसरी केबल आणि जमल्यास दुसरा चार्जर लावून पाहा. टाइप-सी चार्जर असेल तर त्यावरचे वॅट वाचा. ६५ वॅट मागणारा लॅपटॉप मोबाइलच्या छोट्या चार्जरवर बॅटरी पूर्ण उतरल्यावर जागा होत नाही. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि फक्त चार्जर लावून सुरू करा. बोर्डावर साठलेला चार्ज उतरला की अडकलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यावर सुरू होतात.

डेस्कटॉपमध्ये मागचा सप्लायचा स्विच पाहा, मदरबोर्डचा २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा. कॅबिनेटचं बटणच खराब असण्याची शक्यताही असते. त्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झालं तर दोष बटणात आहे. सप्लाय मात्र कधीही उघडू नका, कारण केबल काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी: डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला, ते आधी पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा फार जास्त वेळा सापडते. त्यानंतर रॅम. वीज पूर्ण काढून सगळ्या पट्ट्या बाहेर घ्या, सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि एकच पट्टी परत लावा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर ही एकटी पट्टी प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायची असते. दोन्ही बाजूंची खटकी बसल्याचा आवाज यायला हवा. डीडीआर५ रॅम बदलल्यावर किंवा हलवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून चांगली दहा मिनिटं वाट पाहा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. त्यांतला जो पेटून राहतो तिथे मशीन अडलेलं असतं.

लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. फिकट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेलाय. बाहेरचा मॉनिटर जोडा, फाइली कॉपी करा. या प्रकारात पुढचं काहीच करावं लागत नाही.

लोगो येतो आणि तिथेच थांबतो, किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो: पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क असं जोडलेलं सगळं काढा आणि पुन्हा सुरू करा. पोर्टात विसरलेला पेनड्राइव्ह हे यामागचं नेहमीचं कारण आहे. तरीही अडलं तर सुरू करताना डिलीट किंवा एफ२ (एचपीवर एफ१०) दाबत राहून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डच्या सेटिंग्जचा प्रोग्रॅम) जा आणि डिस्कचं नाव यादीत दिसतंय का ते पाहा.

नाव दिसत नसेल तर वीज काढून केबल किंवा एम.२ कार्ड (बोर्डावर थेट बसणारी पट्टीसारखी एसएसडी) पुन्हा बसवा, साटा केबल (डिस्कपासून मदरबोर्डला जाणारी) बदला, पोर्ट बदला. नाव दिसत असेल तर तारीख-वेळ तपासा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपलेली आहे. ती संपली की बायॉसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत जाऊ शकतात, आणि त्यात डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलतो: आरएसटी किंवा रेडचा एएचसीआय होतो किंवा उलट. विंडोज ज्या मोडमध्ये बसवलेलं होतं तो बदलला की निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. डिस्क चांगली, विंडोज चांगलं, आणि तरीही लोक इथे सगळं फॉरमॅट करून बसतात. बॅटरी बदला, मोड पूर्वीचा करा, मशीन जसंच्या तसं उठतं.

विंडोज सुरू व्हायला लागतं आणि कोसळतं: निळी स्क्रीन किंवा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चं न संपणारं चक्र. मशीन इथवर येतंय म्हणजे वीज, रॅम आणि स्क्रीन बहुतांशी ठीक आहेत. दोष बहुधा विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. यांतला कुठला ते कळेपर्यंत दुरुस्तीचं एकही बटण दाबू नका.

बिटलॉकरची की आत्ताच शोधा

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कीशिवाय वाचता येत नाही, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायॉसची सेटिंग बदलली, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते: सहा-सहा अंकांचे आठ गट. घरच्या मशीनची की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ‘डिव्हाइसेस’मध्ये मिळते, ऑफिसच्या मशीनची आयटी विभागाकडे असते. मोबाइलवरून आत्ताच लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या, आणि स्क्रीनवर दिसणारा की आयडी खात्यातल्या आयडीशी जुळतो का ते पाहा. की नसेल तर ती डिस्क जगातली कुठलीही प्रयोगशाळा वाचू शकत नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. लोकांचं काम तसंच्या तसं डिस्कवर होतं. पण अनेक ठिकाणी बिटलॉकरची की हाताशी नव्हती, आणि सगळा वेळ ती शोधण्यात गेला.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइली काढणं

डिस्क बायॉसमध्ये दिसते आणि टकटकत नाही, अशा वेळी हा सर्वांत सोयीचा मार्ग. लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) इन्स्टॉल करायचं नाही, ते पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चालतं आणि विंडोजला धक्का लागत नाही. लागणाऱ्या वस्तू: ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह, दुसरा चालू कॉम्प्युटर, आणि फाइली ठेवायला पुरेशी मोठी बाहेरची डिस्क. ही डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि नेमके घरचे व्हिडिओ मागे राहतात.

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल (सबंध सिस्टम असलेली एकच फाइल) अधिकृत साइटवरून उतरवा आणि रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं.

२. बिघडलेल्या मशीनला पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताच बूट मेनूची की टपटप दाबत राहा: डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, एसुसवर एस्केप किंवा एफ८, एमएसआयवर एफ११. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. उबंटू सिक्युअर बूट (फक्त खात्रीशीर सही असलेली सिस्टम सुरू होऊ देणारी बायॉसची सेटिंग) चालू असतानाही सुरू होतं, तेव्हा ती सेटिंग बंद करू नका. बंद केलीत तर नंतर विंडोज बिटलॉकरची की मागू शकतं.

३. ‘ट्राय’ हा पर्याय घ्या, ‘इन्स्टॉल’ नाही. दोन्ही शेजारी असतात, घाई करू नका.

४. ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उघडा, डावीकडे डिस्क निवडा आणि मेनूतून ‘स्मार्ट’ची माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. हार्ड डिस्कमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या: क्रमांक ५, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), १९७, म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत असलेले सेक्टर, आणि १९८, म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ किंवा १९८ शून्य नसेल तर कॉपी थांबवा आणि पुढचा ‘डिस्क आजारी असेल तर’ हा भाग वाचा. फक्त १९९ वाढलेला असेल तर बहुधा साटा केबल खराब आहे. ती बदला, डिस्कला दोष देऊ नका.

५. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं विभाजन (पार्टिशन, म्हणजे सी ड्राइव्ह) उघडा. बिटलॉकर असेल तर ४८ अंकी की मधल्या आडव्या रेघांसकट टाका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विभाजन अर्धवट झोपलेलं राहतं. मग लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं किंवा उघडायला नकार देतं. नकार आला तर ते रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्याच्या, पद्धतीने माउंट करा (जोडा). जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडू नका, आपल्याला तिथे काही लिहायचंच नाही.

६. ‘युजर्स’मध्ये आपल्या नावाचं फोल्डर उघडा. ज्या फाइली पुन्हा कुठून मिळणार नाहीत त्या आधी घ्या: फोटो, स्वतः लिहिलेली कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली. मग डेस्कटॉप, डाउनलोड्स वगैरे. आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली बऱ्याचदा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असतात. ब्राउझरचे बुकमार्क ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. लपलेली फोल्डरं दिसण्यासाठी कंट्रोल आणि एच दाबा. टॅलीसारख्या प्रोग्रॅमचा डेटा वेगळ्याच फोल्डरमध्ये असू शकतो, म्हणून सी ड्राइव्हचं मूळ आणि डी ड्राइव्हही पाहा. वनड्राइव्हच्या काही फाइलींचं डिस्कवर फक्त नाव असतं, आशय सर्व्हरवर असतो. त्या कॉपी झाल्या नाहीत तर खात्यातून उतरवून घ्या.

वेळेचा अंदाज असा: सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात, आणि यूएसबी २ च्या जुन्या पोर्टवर आठेक तास. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्क्रीन झोपण्याची सेटिंग बंद करा. वेग अचानक केबींवर आला आणि तिथेच राहिला तर डिस्क वाचताना अडते आहे. त्याच क्षणी कॉपी थांबवा.

काही मोजक्याच फाइली हव्या असतील तर लिनक्सचीही गरज नाही. विंडोजच्या रिकव्हरी स्क्रीनवर ‘ट्रबलशूट’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नोटपॅड सुरू करा. त्याच्या ‘फाइल’ मेनूतलं ‘ओपन’ निवडून खाली ‘ऑल फाइल्स’ करा. ती खिडकी छोट्या फाइल मॅनेजरसारखी चालते: फाइलवर राइट-क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. कॉपी किती झाली ते दिसत नाही, म्हणून मोठ्या फोल्डरांसाठी ही पद्धत वापरू नका.

डिस्क आजारी असेल तर आधी तिची पूर्ण प्रत

खराब सेक्टर असलेल्या डिस्कवरून फाइल-फाइल कॉपी करणं धोक्याचं, कारण साधा कॉपीचा प्रोग्रॅम एकाच खराब जागेवर डोकं आपटत राहतो आणि बाकीची चांगली जागा वाचायच्या आधीच डिस्क मरते. इथे डीडीरेस्क्यू हे लिनक्सवर आज्ञा देऊन चालवायचं साधन वापरा. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, खराब जागा वगळून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. सिस्टमरेस्क्यू नावाच्या लिनक्सच्या आयएसओमध्ये ते तयार मिळतं.

त्याला तीन गोष्टी याच क्रमाने द्यायच्या: मूळ डिस्क, प्रत जिथे ठेवायची ती फाइल, आणि नोंदीची मॅप फाइल. मॅप फाइल विसरू नका. मध्ये वीज गेली किंवा डिस्क अडकली तर काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडायला ते बसत नाही. ती पूर्ण झाल्यावर दुसऱ्या फेरीत तीन पुनर्प्रयत्न द्या. मूळ आणि प्रत यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कने भरलेली डिस्क पुसली जाते आणि त्यावर इलाज नाही. आज्ञा देण्याआधी डिस्कचा आकार आणि सीरियल नंबर स्टिकरवरच्या नंबराशी ताडून घ्या. प्रत मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराची होते, म्हणून १ टीबीच्या डिस्कसाठी त्याहून मोठी जागा हवी.

पुढचं सगळं काम या प्रतीवर करा. विभाजन दिसेनासं झालं असेल तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम, फाइली डिलीट किंवा फॉरमॅट झाल्या असतील तर फोटोरेक हा. फोटोरेक फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर परत देत नाही, म्हणून टेस्टडिस्क आधी. एसएसडीवरून डिलीट झालेल्या फाइलींची आशा मात्र कमी धरा, कारण ट्रिम या सोयीमुळे मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करते.

डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणं

मदरबोर्ड गेला असेल किंवा मशीन ओलं झालं असेल तर हाच मार्ग. अडीच इंची साटा डिस्क यूएसबीच्या साध्या ॲडॅप्टरवर चालते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा पॉवर ॲडॅप्टर असलेलं एन्क्लोजर (डिस्क बसवून यूएसबीने जोडायचा डबा) घ्या. एम.२ मध्ये फसगत होते. एनव्हीएमई आणि साटा या दोन जातींची कार्डं सारखीच दिसतात, पण एन्क्लोजर वेगळं लागतं. कडेला एकच खाच असेल तर सहसा एनव्हीएमई, दोन असतील तर सहसा साटा. तरी स्टिकर वाचूनच खरेदी करा, किंवा दोन्ही चालवणारं एन्क्लोजर घ्या. लॅपटॉप उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

जोडल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ असं विचारलं तर दोन्हींना नकार द्या. फोल्डर उघडताना परवानगी नाकारली गेली तर परवानग्या बदलू नका, ते मूळ डिस्कवर लिहिणंच झालं. लिनक्समधून वाचा.

ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या) मॅकमध्ये स्टोरेज चिपशी बांधलेलं असतं, काढून उपयोग नाही. मशीन थोडंफार जागं होत असेल तर पॉवर बटण दाबून धरा, ‘ऑप्शन्स’मध्ये जा, ‘युटिलिटीज’मधून ‘शेअर डिस्क’ निवडा आणि केबलने दुसऱ्या मॅकला जोडा.

आता दुरुस्ती

फाइली हाती आल्यावर हात मोकळे झाले. विंडोज दोन-तीनदा सुरू होताना बंद केलं की रिकव्हरी स्क्रीन येते. नाही आली तर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ घ्या. आमच्या मते क्रम असा असावा: ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदाच, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, मग ‘सिस्टम रिस्टोअर’, मग सेफ मोड (४ दाबून) आणि तिथे शेवटी टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम काढणं.

बूटच्या फाइली गेल्या असतील, म्हणजे बीसीडीबद्दलचा (विंडोज कुठून सुरू करायचं या नोंदीबद्दलचा) संदेश येत असेल, तर यूईएफआयच्या (नव्या प्रकारच्या बायॉसच्या) मशीनवर ‘बूटरेक’ या आज्ञेत वेळ घालवू नका. त्याचं फिक्सबूट अनेकदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट या आज्ञेने १०० एमबीच्या आसपास असलेल्या ईएफआय विभाजनाला एक अक्षर द्या आणि बीसीडीबूट या आज्ञेला विंडोजचं फोल्डर आणि ते अक्षर सांगा. बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. रिकव्हरीमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी म्हणून दिसणारं विभाजन भलतंच निघतं. आधी यादी पाहा, मग आज्ञा द्या. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्क या आज्ञेचा ‘आर’ पर्याय सबंध डिस्क वाचून काढतो, तासन्‌तास घेतो. स्मार्टमध्ये १९७ किंवा १९८ शून्य नसेल तर तो चालवूच नका, डिस्क बदला.

जुनी डिस्क लगेच पुसू नका

कॉपी झालेल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार मुळाशी ताडा, आणि मोठ्या फाइली प्रत्यक्ष उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा, झिप फाइल उलगडून पाहा, पीएसटी आउटलुकमध्ये जोडून पाहा. डीडीरेस्क्यूच्या प्रतीमधून आलेल्या फाइलींचा आकार बरोबर असूनही आत भोकं असू शकतात, कारण न वाचलेल्या जागी शून्यं भरलेली असतात. फोटो अर्धा राखाडी दिसतो तो यामुळेच. मॅप फाइलमध्ये एकही खराब जागा राहिली नसेल तर ही चिंता नाही.

वाचवलेल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. मूळ डिस्कवर तारीख आणि ‘पुसू नका’ अशी चिठ्ठी लावून ती अँटिस्टॅटिक पिशवीत दोन-तीन महिने ठेवा, कारण राहून गेलेली फाइल बहुतेक वेळा कामाला लागल्यावरच आठवते. त्यानंतर टाकून देताना चालू हार्ड डिस्क एकदा पूर्ण शून्यांनी भरा, एसएसडीला तिच्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून सिक्युअर इरेज द्या, आणि सुरूच न होणारी डिस्क असेल तर तबकड्या किंवा चिप फोडूनच ई-कचऱ्यात द्या.